एकाच नावाच्या दोन साखळ्या

१

आईची शपथ घेत नाही, कारण ती शेजारच्या खोलीत जागी आहे आणि तिला सगळं ऐकू येतं. पण ही गोष्ट खरी आहे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. बाळासोनं मला ती स्वतःच्या तोंडानं सांगितली.

आता ‘सांगितली’ म्हणून बसलो खरा. तसं पाहिलं तर बाळासोला सांगायला सवडच मिळाली नाही. त्या ट्रेलरवर मी नव्हतो, हेही कबूल करून टाकतो. त्या दिवशी मी जेवून घरी आडवा झालो होतो, घरची माणसं साक्षीला आहेत. तरीपण कुठल्या फाट्यावर त्याच्या मनात काय आलं, ते मला ठाऊक आहे. कसं, ते शेवटी बघू.

बाळासो म्हणजे कवठे महांकाळच्या अलीकडे, हायवेला अगदी लागून ज्याचं घर आहे तो. वय बावन्न. बिनफाळक्याचा सपाट ट्रेलर चालवायचा. त्यावर ट्रान्सफॉर्मर, बॉयलरचे तुकडे, कारखान्यांची कसली कसली धुडं. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या ट्रेलरवरून रस्त्यावर एक नट पडला नव्हता. ही त्याची एक ख्याती.

दुसरी ख्याती थापांची. बायकोला फोन लावायचा, “भामे, हुबळीत अडकलोय, टायर फुटला, उद्या येतो.” भामा हळहळायला लागली की गोठ्यामागून तोच आवाज यायचा, “च्या टाक.” असं एकदा नाही, पन्नासदा. घरात त्याची आई धोंडुबाई, बायको भामा, आणि मिरजेला नर्सिंग शिकणारी लेक अंकिता, ती तेव्हा सुट्टीला आलेली. पोरगा शिवतेज फौजेत, राजस्थानात. या चौघांपैकी कुणीही बाळासोच्या फोनवर पटकन विश्वास ठेवत नसे. त्यांचं काय चुकलं म्हणा.

२

वैशाखातली सकाळ, साडेसात वाजलेले. सातारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात उसाच्या चरकाचा रोलर दुरुस्त होऊन तयार होता, तो जतच्या पलीकडच्या साखर कारखान्यात पोचवायचा होता. रोलर म्हणजे लोखंडी लाटणंच समजा, फक्त अठरा टनांचं आणि अंगभर खाचा असलेलं. क्रेननं ते ट्रेलरवर आडवं ठेवलं, दोन्ही अंगांना बाभळीच्या पाचरी ठोकल्या, खाली रबर अंथरलं. चौकोनी माल बसतो. गोल माल बसल्याचं नाटक करतो. म्हणून गोल माल बांधायला बाळासो कायम गुंडाभाऊलाच बोलवायचा.

गुंडाभाऊ फौजेतून हवालदार म्हणून सुटलेला, चाळीस वर्षं माल बांधण्यात गेलेली. त्याची एक पद्धत होती आणि त्याच्या हाताखालून गेलेले सगळे ड्रायव्हर ती पाळायचे. साखळी आवळताना नाव घ्यायचं. पहिली साखळी बिननावाची. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात ना, तशी ती लाभाची. दुसरीपासून ड्रायव्हरच्या घरचं एकेक माणूस. साखळी ताणून धरणारा चाप दाबायचा, नाव घ्यायचं. शेवटची स्वतःच्या नावाची. आईच्या नावानं आवळलेली साखळी अर्धा आटा ढिली ठेवायला कुणाचा हात धजत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. नियम दोन. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि एक नाव एकदाच घ्यायचं.

बाळासोच्या सहा साखळ्या ठरलेल्या. लाभ, आई, भामा, शिवतेज, अंकिता, आणि बाळासो. त्या बांधून झाल्या आणि कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी प्रियदर्शनी मॅडम हेल्मेट सावरत आल्या. वयानं अंकिताहून चार वर्षांनी मोठ्या असतील.

“काका, सात लागतील.”

“मॅडम, सहावर अट्ठावीस वर्सं निघाली.”

“निघाली असतील. या वजनाला आता सात लिहिल्यात. सातचा फोटो असल्याशिवाय गेट उघडणार नाही.” बोलणं गोड, पण हलायला तयार नाही.

गुंडाभाऊनं पेटीतून सातवी साखळी काढली, रोलरवरून टाकली, आकडे लावले आणि चापावर हात ठेवून थांबला. “कुणाची?”

“कुणाची म्हंजे? घरात हायेत किती जणं?”

“आदमासानं बांधायची न्हाई. नाव सांग. कुत्रं हाय का?”

“कुत्रं गेल्या साली मेलं.”

“मग शेळी तरी?”

“दादा, साडेआठ वाजले. बांधा माज्याच नावानं.”

“तुजं झालं की.”

“हुंद्या दोनदा. पोट बगा माजं, दोन माणसांचं हाय.”

गुंडाभाऊ हसला नाही. “दोनदा न्हाई घेत गड्या.”

“घेतलं तर काय हुतंय?”

“काय हुतंय त्ये कुणी बघितलं न्हाई. कुणी घेतलंच न्हाई.”

बाळासोनं त्याला बाजूला सारलं आणि चाप स्वतः दाबला. मोठ्यानं म्हणाला, “बाळासो.” शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत चाप निसटला आणि डाव्या अंगठ्यावर बसला. नखाखाली रक्त साकळून काळं झालं. त्यानं एक शिवी दिली, अंगठा तोंडात घातला, उजव्या हातानं चाप पुन्हा दाबला आणि बसवला. मॅडमनी फोटो काढला, तो त्याच्या मोबाइलवर पाठवला. गेट उघडलं.

गुंडाभाऊ गेटपर्यंत चालत आला. एरवी यायचा नाही.

३

बांधलेला माल पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरात खाली बसतो. पाचर दबते, रबर दबतं, साखळी सैल पडते. म्हणून नागठाण्याच्या अलीकडे थांबून प्रत्येक साखळीवर टॉमी वाजवायची. टॉमी म्हणजे चाकाचे नट खोलायची हातभर लोखंडी सळी. आवळलेली साखळी टण् करते, सैल असली तर खुळखुळते. बाळासोला त्याच्या साखळ्यांचे आवाज पाठ होते. लाभाची जाड बोलायची, आईची खरखरीत, भामाची जरा चढी, शिवतेजची कोरडी, अंकिताची बारीक.

त्यानं वाजवत आणलं. एकही सैल नव्हती. अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एखादी तरी पाव आटा मागायचीच. चांगलंच आहे, तो मनाशी म्हणाला, मॅडमला कळवायला पाहिजे.

मग सहावी वाजवली. टण्. आणि सातवीही वाजली.

तिला त्यानं हात लावला नव्हता. सहावी-सातवीत चांगलं चार फुटांचं अंतर. त्यानं टॉमी खाली केली, थोडा वेळ थांबला, पुन्हा सहावी वाजवली. दोन्ही एकदम बोलल्या, एकाच आवाजात, एकच माणूस दोन खोल्यांतून बोलावा तशा. त्यानं सातवी मुठीत गच्च धरली आणि सहावीवर मारलं. मुठीत काहीतरी उसळलं, आणि थांबलं, आणि पुन्हा हळूच उसळलं.

बाळासोनं मूठ सोडली. लोखंडाला लोखंड लागून आहे, तो स्वतःला समजावू लागला. एकच रोलर, एकच सांगाडा, हिकडचा हादरा तिकडं जाणारच. दहावी नापास माणसालाही कळतं. पण मघाशी सहावी वाजवण्याआधी पाच वाजवल्या होत्या, त्यांच्या हादऱ्यानं कुणी बोललं नव्हतं.

हा हिशेब त्याला सुचला तोवर तो केबिनमध्ये चढला होता, आणि खाली उतरून पुन्हा बघावंसं वाटलं नाही.

४

कराडला अकरा वाजले. रस्त्याकडेला गाडी लावून त्यानं चहा सांगितला आणि घरी फोन लावला.

“भामे, चारला दारावरनं जातोय. भाकरी नि वांगं करून ठेव. जेवून म्होरं जतला.”

“आवं, पुन्यांदा जेवणार?”

“पुन्यांदा म्हंजे?”

“धाला तर दोन भाकरी हाणल्या. आन् हळू बोला, आत्याबाईंचा डोळा लागलाय. आतल्या खोलीतनं फोन कशापायी लावताय?”

बाळासो हसला. “मी कराडात हाय.”

“बरं. ह्या बारीला हुबळी न्हाई व्हय?” भामाही हसली. “लोळा गप. साडेनवाला दारात हुबं ऱ्हायलासा, गाडी कुठं म्हटलं तर नुसतं हसलासा. तवाच वळखलं, ह्येंच्या डोक्यात कायतरी शिजतंय.”

फोन ठेवला तिनं.

बाळासोला आधी आनंद झाला. पंचवीस वर्षांत बायकोला पहिल्यांदा नीट थाप मारता आली होती, तीही त्याच्याच तोडीची. न अडखळता, मध्ये पुरेसा दम घेऊन. तो चहावाल्यालाही सांगणार होता. पण एक गोष्ट टोचत राहिली. भामाला खोटं बोलताना नाकातून बारीक आवाज यायचा, लग्नापासून. तो आला नव्हता.

आणि ती हळू बोलत होती. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून बोलतात तशी.

५

पेठ नाक्यावर साडेबारा. उन्हात रोलरवरून वाफ निघाल्यासारखी हवा हलत होती. बाळासोनं या वेळी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. लेक खोटं बोलत नाही.

“पप्पा, भारी हं,” अंकिता पडद्यावर हसत होती. “रेकॉर्डिंग लावलंय ना? मागं पेठ नाका पण दिसतोय. कुणी करून दिलं?”

“अंकिता, ऐक. रेकॉर्डिंग न्हाई. पोरी, मी खराच हितं हाय.”

“हो हो. आणि खाटेवर कोण आहे मग?”

तिनं मोबाइल फिरवला. बाळासोनं स्वतःची आतली खोली बघितली. दिवाळीत रंगवलेली निळी भिंत, कॅलेंडर, पंखा. खाटेवर एक माणूस भिंतीकडे तोंड करून निजला होता. अंगात बंडी. मानेवर वळी, बंडीला खांद्यापाशी भोक. टाचांना भेगा. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही, पण ओळखू येते. बाळासोला ती ओळखू आली.

“पप्पा, उठा,” अंकिता म्हणाली. ती त्याला नाही, खाटेकडं बघून म्हणत होती. “तुमचाच फोन आलाय तुम्हाला.”

निजलेल्या माणसानं न वळता डावा हात वर केला आणि माशी हाकलावी तसा हलवला. मोबाइल जवळच होता. अंगठ्याचं नख काळंठिक्कर पडलेलं दिसलं.

“अगं बाई, हे कधी लागलं?” अंकिताचा आवाज. मग पडदा गोठला आणि कॉल तुटला.

बाळासोनं मोबाइल खिशात घातला. मग त्याला आठवलं की कराडपासून आपला अंगठा ठणकलेला नाही. त्यानं डावा हात उन्हात धरला. नख गुलाबी होतं. डाग नाही, सूज नाही, काही नाही. दाबून बघितलं, नखानं खरडून बघितलं. सकाळी साताऱ्यात त्याच्या डोळ्यांदेखत काळं पडलेलं नख दीडशे किलोमीटरवरच्या खाटेवर होतं.

त्यानं मॅडमनी पाठवलेला फोटो उघडला. त्यात तो ट्रेलरशेजारी उभा होता, अंगठा तोंडात घालून.

६

मिरज ओलांडल्यावर बाभळीच्या सावलीत त्यानं ट्रेलर घेतला आणि गुंडाभाऊला फोन लावला. सगळं सांगितलं. थाप नाही हे गुंडाभाऊला पहिल्या वाक्यात कळलं असावं, कारण त्यानं मध्ये एकदाही ‘व्हय का’ म्हटलं नाही.

“सातवी सोडू का, दादा?”

“सहावर माल टिकंल. पर सातवी कुणाची त्ये ठावं हाय का तुला?”

“माजीच की.”

“सहावी बी तुजीच. त्येज्यातली तुजी कोंची?”

बाळासोनं ट्रेलरकडं मान वळवली. गुंडाभाऊ म्हणाला, “मला न्हाई ठावं रं. मी असं कवा बांधलं न्हाई,” आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

मग बाळासोनं जे केलं ते कुणीही केलं असतं. भामाला फोन लावला, आवाज मोठा करून मोबाइल ट्रेलरच्या कडेवर ठेवला.

“काय करतोय त्यो?” त्यानं विचारलं.

“कोण त्यो? आता पुरं करा की ह्यो चावटपणा. ताट वाढलंय, या बाहीर.” मग जरा लांबून, दुसऱ्या कुणाला, “ह्ये काय, आलासा बी? मग फोन कशाला चालू ठिवलाय?”

बाळासोनं टॉमी सातव्या साखळीच्या चापात घातली आणि अंगाचा भार देऊन बोटभर उचलली.

मोबाइलमधून ताट पडल्याचा आवाज आला. भामा ओरडली, “आवं, काय झालं? आवं!” मग पळापळ, अंकिताचा आवाज, “पप्पांना खाली झोपव, छाती धरलीय त्यांनी.” आणि या सगळ्याच्या वर धोंडुबाईचा आवाज. मांडीचं हाड मोडल्यापासून दोन महिने धोंडुबाई अंथरुणातून उठली नव्हती. तो आवाज अंथरुणातून येत नव्हता, चालत जवळ येत होता.

“बाळू. माज्या बाळू. डोळं उघड रं.”

बाळासोनं चाप खाली दाबला. खटकन बसला. मोबाइलमध्ये कुणीतरी लांबलचक श्वास ओढला, आणि त्याच्याच आवाजात म्हणालं, “पानी द्या.”

त्यानं टॉमी काढून घेतली. आता राहिली होती सहावी. ती नुसती नखभर उचलली. हायवेवरच्या गाड्या पळत होत्या, पण त्यांचा आवाज बंद झाला. बाभळीची सावली अंगावर होती, ती अंगातून आरपार खाली पडल्यासारखी वाटली. कसाबसा त्यानं चापावर पोट टाकलं आणि तो बसवला. आवाज परत आला.

म्हणजे सातवी घरातल्याची. सहावी त्याची.

एक चाप उचलायचा, दहा सेकंद धरायचा, झालं. पण त्या दहा सेकंदांत त्याची आई, बायको आणि लेक त्याला मरताना बघणार होत्या. त्यानंतर तो दारात जाऊन उभा राहणार, आणि म्हणणार काय? हुबळीहून आलो?

७

चारच्या आधीच तो घरासमोर पोचला. रस्त्याच्या पलीकडं ट्रेलर लावला, हॉर्न दिला. एरवी हॉर्न ऐकला की अंकिता फाटकात यायची. कुणी आलं नाही.

त्यानं ठरवलं होतं, तिघींना काहीतरी सांगून अंगणात काढायचं, लांब न्यायचं, मग बघू. तो रस्ता ओलांडून घराच्या बाजूला गेला. आतल्या खोलीच्या खिडकीपाशी थांबला. पडदा अर्धा सरकलेला.

आत तो माणूस खाटेवर तक्क्याला टेकून बसला होता. तोंड दिसत नव्हतं, मध्ये धोंडुबाई होती. दोन महिन्यांनी ती बसती झाली होती, आणि वाटीतलं कोमट तेल त्याच्या छातीला चोळत होती. भामा पायाशी. अंकिता त्याची नाडी धरून मनगटावरचं घड्याळ बघत होती. तो माणूस काहीतरी सांगत होता, मालाचं, रस्त्याचं, काहीतरी थापच. आणि रडून डोळे सुजलेल्या तिन्ही बायका हसत होत्या. धोंडुबाई तेलाचा हात थांबवून हसली. तिचं असं हसणं बाळासोनं बाप गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मग धोंडुबाई जरा बाजूला झाली, आणि त्या माणसानं खिडकीकडं बघितलं.

निमिषभरच. बाळासोनं मनाची तयारी केली होती, दात विचकलेल्या, डोळे फिरलेल्या कसल्यातरी तोंडाची. तसं काही नव्हतं. ते त्याचंच तोंड होतं, सकाळी दाढी करताना राहिलेल्या खुंटासकट. आणि ते भ्यालेलं होतं. खिडकीबाहेर जे उभं होतं, त्याला ते भ्यालं होतं.

“कोण हाय तकडं?” धोंडुबाईनं विचारलं. तिनं सरळ बाळासोकडं बघितलं, डोळ्यांवर हाताची झापड करून बघितलं. “कुणी न्हाई. वारं असंल.”

अंकितानं उठून पडदा लावला.

बाळासो मागं फिरला. रस्ता ओलांडला, ट्रेलरवर चढला, शेवटची म्हणून एकेक साखळी वाजवली. लाभ. आई. भामा. शिवतेज. अंकिता. मग टॉमी सहाव्या साखळीच्या चापात घातली, आपल्या हातानं, आपल्या खुशीनं, आणि घराकडं बघत उचलली.

रोलर जागचा हलला नाही.

८

माल त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत पोचला. साखर कारखान्याच्या स्टोअरकीपरनं मोबाइलवर फोटो बघितला, ट्रेलर बघितला, म्हणाला, “फोटोत सात दिसत्यात.” मी म्हणालो, “एक वाटंत सोडली.” त्यानं सही दिली.

आता आईला झोप लागलेली दिसते, तेव्हा खोटं कुठलं ते सांगून टाकतो. गोष्टीतला रस्ता मी रचला. नागठाणे, कराड, पेठ नाका, बाभळ, सगळं. मला सातारा आठवतो, गुंडाभाऊ आठवतो, चाप अंगठ्यावर बसला तेही आठवतं. नख अजून काळंच आहे, तीन वर्षं झाली, वाढून पुढं सरकत नाही. त्यानंतर एकदम घरचं फाटक आठवतं. मधलं काही नाही. त्याला वाटेत काय वाटलं असेल ते मी स्वतःवरून ताडलं, आणि ते चुकलं असेल असं मला वाटत नाही. छातीतली कळ मात्र खरी. आईचं चालत येणं खरं. खिडकीतलं तोंडही खरं.

आणि शेवटचं एक. सहावी साखळी त्यानं सोडली नाही, खुशीनं तर नाहीच. पडदा लागला तरी तो तिथून हलला नव्हता. खिडकीला कपाळ टेकून, रस्त्याकडं पाठ करून उभा होता. मी परसदारानं निघालो, नेहमीसारखा गोठ्यामागून, आणि रस्ता ओलांडून ट्रेलरवर चढलो. टॉमी माझ्या हातात होती.